वाहता नळ

"आई गेल्यावर तेरा वर्षांची नायिका आठ भागांत एकदाही रडत नाही. हे पटत नाही," मी लिहिलं. शाळकरी मुलांसाठीच्या नव्या मालिकेचं परीक्षण उद्या पेपरला द्यायचं होतं. मुलांची बोलीभाषा, वर्गातली भांडणं या जमेच्या बाजू लिहून झाल्या होत्या. उणीव एवढी एकच सापडली.

माझी सातवीतली मुलगी, मृण्मयी, मागे उभी राहून वाचत होती.

"बाबा, ते खोड ना. ती रडते. बाथरूममध्ये नळ सोडून रडते, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. मालिकेत ते दाखवलेलं नाही, एवढंच."

मृण्मयीची आई जाऊन पाच महिने झाले होते. तेव्हापासून "पाणी वाया जातंय" म्हणत मी रोज बाथरूमचं दार ठोठावत होतो.