कुंपणापलीकडची पुस्तकं

"ही परीक्षा अजून कुणी देतं?" दुकानदार म्हणाला आणि रिकाम्या हातानेच शिडीवरून उतरला. भूमापकाच्या परवान्याच्या परीक्षेची पुस्तकं मागायला त्या वर्षात त्याच्याकडे आलेली ती पहिलीच होती.

सात वर्षं ती एका मोजणीदाराच्या कचेरीत नकाशे काढत होती. नकाशा तिचा, सही साहेबांची. परवाना मिळाला की सहीही तिचीच होणार होती. परीक्षेला चार महिने उरले होते. अभ्यासक्रम जुनापुराणा, त्यावरची पुस्तकं छापणं कधीच बंद झालेलं. ग्रंथालयातल्या एकुलत्या एका प्रतीतली आकडेमोडीची प्रकरणं नेमकी कुणीतरी फाडून नेली होती. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स मिळाल्या, तर त्यांत प्रश्न तेवढे वाचता येत होते. आकृत्यांच्या जागी काळे डाग. साहेबांनी आपली पुस्तकं रद्दीत घातली होती. ते म्हणाले, सख्खा काका मोजणीदार असताना तू गावभर वणवण कशाला करतेस?

काका शेजारीच राहायचे. मधे फक्त कुंपण. आजोबांची जागा दोघा भावांत वाटली गेली तेव्हा मोजणी काकांनीच केली होती आणि हद्दीचे दगडही त्यांनीच बसवले होते. जागा तिरकी, पुढे निमुळती होत गेलेली. दगड बघून वडिलांना वाटलं, आपल्या बाजूला जागा कमी आली. भावाने त्याची विद्या आपल्यावरच चालवली. त्यांनी दगड जुमानले नाहीत, स्वतःच्या अंदाजाने कुंपण घातलं आणि भावाशी बोलणं टाकलं. त्याला सोळा वर्षं झाली होती. ती तेव्हा दहाची होती. काका समोरून आले की खाली बघत पुढे जायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

जेवताना तिने विषय काढला. वडील म्हणाले, पुस्तकं कुठूनही मागव, हवं तर शिकवणी लाव, पण तिकडे जायचं नाही. आवाज जराही चढला नाही. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणजे बोलणं संपलं असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तिने आणखी दोन आठवडे पुस्तकं शोधली. मग एका शनिवारी दुपारी रस्त्याने वळसा घालून ती काकांच्या फाटकाशी गेली.

काकांनी दारातच सगळं ऐकून घेतलं. मग आतून दोन खोकी आणून तिच्यापुढे ठेवली. पुस्तकं, सुबक अक्षरातल्या वह्या, अकरा वर्षांच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिका. आकृत्या तर अशा की बघत राहावं. घेऊन जा म्हणाले, पण वही उघडायच्या आधी एक जागा स्वतः मोज, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठली ते तूच ठरव.

खोकी तिने तिथेच ठेवली. ज्याने सख्ख्या भावाची जागा दाबली त्याच्याच वह्या वाचून परवाना घ्यायचा, हे तिच्या मनाला पटेना. आणि दाबली नसेल, तर तेही कळायला हवं होतं. कुठली जागा मोजायची, ते तिचं ठरलं.

बुधवारी वडील कामावर गेल्यावर तिने रजा टाकली. आजोबांच्या जागेच्या जुन्या नकाशाची नक्कल तिने आधीच काढून आणली होती. कचेरीतली टेप आणि मोजणीची दुर्बीण घेऊन ती अंगणात उतरली. टेपचं दुसरं टोक आईने धरलं. कशाला, म्हणून तिने विचारलं नाही. एकदाच म्हणाली, "फार ताणू नकोस, हात निघेल माझा." मागच्या टाकीजवळचा दगड मातीखाली गेला होता, तो आईनेच खुरप्याने मोकळा केला.

दुपारभर ती आकडेमोड करत बसली. दगडांच्या रेषेने जागेचे दोन भाग होत होते, आणि दोन्ही तंतोतंत सारखे होते. जागा तिरकी असल्याने डोळ्याला ते दिसत नव्हतं. कुंपण मात्र काकांच्या हद्दीत साडेनऊ इंच आत होतं. तिने पुन्हा गणित केलं. तिसऱ्यांदा केलं. साडेनऊच.

कागद घेऊन ती काकांकडे गेली. इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत, असं तिने विचारलं. काकांनी चष्मा लावून आकडे तपासले, एका ठिकाणी दशांशाचं टिंब द्यायचं राहिलं होतं ते दिलं.

"दगड मी बसवले, कुंपण त्याने घातलं," ते म्हणाले. "माझं काम दगडापर्यंत. आता ही खोकी ने."

त्याच वह्यांवर ती पुढे पहिल्या खेपेला पास झाली. पण त्या संध्याकाळी खोकी घरात आणताना तिच्या डोक्यात परीक्षा नव्हती. वडिलांना सांगायचं कसं, एवढंच होतं. सोळा वर्षं जपलेला राग चुकीचा होता, हे त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं?

वडील आले. त्यांनी खोकी पाहिली, हातपाय धुतले, आणि खुर्चीवर बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलीने सगळं सांगितलं. काकांकडे गेल्याचं, मोजल्याचं, दगड बरोबर असल्याचं. शेवटी तिचा धीर सुटला आणि आकडा तिने जरासा कमी केला.

"कुंपण त्यांच्या जागेत आहे, बाबा. नऊएक इंच."

तिने आकडेमोडीचा कागद वडिलांपुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"साडेनऊ," ते म्हणाले. "दुसऱ्याच वर्षी मी बाहेरचा माणूस बोलावून मोजून घेतलं होतं. राग तेव्हाच गेला गं. त्यानंतर बोलायला तोंड राहिलं नाही."