ढवळलेलं पाणी

“दाजी, चौथ्यांदा सांगते, पाण्यात खोट नाही. खोट तुमच्या पाइपात आहे.”

पाणी तपासणाऱ्या बाईंनी अहवाल टेबलावर आपटला. समोर त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा बसला होता. तो शाळेचा प्लंबर. त्याच्या हातातल्या तांब्याच्या पाइपाची चाळण झाली होती. दोन वर्षांत पाइप दुसऱ्यांदा गळले, तेव्हा हलका माल बसवला म्हणून त्याला कामावरून काढायचं घाटत होतं.

“पाणीच पाइप खातंय गं,” तो म्हणाला.

बाईंचं डोकं फिरलं. नात्याकडे बघून आकडे फिरवायचे, तर प्रयोगशाळा बंद करून भविष्य सांगायला बसावं. त्यांच्या कामात सूतभर चूक सापडली नसती. नमुना उघड्या भांड्यात ओतायचा, अर्धा तास नीट ढवळायचा, मगच पीएच मोजायचा. अकरा वर्षांची शिस्त होती. दाजींचं पाणी दर वेळी सातच्या वर, म्हणजे बिनआम्लाचं निघालं होतं.

शेवटी दाजींचं तोंड एकदाचं बंद व्हावं, म्हणून त्या मीटर घेऊन त्यांच्याबरोबर शाळेच्या बोअरवेलवर गेल्या. ताजं पाणी पेल्यात धरलं. आकडा आला पाच पूर्णांक आठ. चांगलंच आम्लधर्मी. मीटरच्या नावानं बोटं मोडत त्यांनी तो तपासला, पुन्हा मोजलं. तेच.

पेल्याला आतून बारीक बुडबुडे चिकटले होते. सवयीने बाई पाणी ढवळू लागल्या आणि आकडा वर सरकू लागला. सहा. साडेसहा. त्यांचा हात थांबला.

जमिनीखालून येताना पाणी कार्बन डायऑक्साइड पोटात घेऊन येत होतं. त्यानेच ते आम्लधर्मी होऊन पाइप कुरतडत होतं. आणि बाई तो वायू टेबलावर ढवळून ढवळून हवेत घालवत होत्या, मग उरलेल्या पाण्याला चांगुलपणाचा दाखला देत होत्या. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

“चूक माझी, दाजी. आत्ताच मुख्याध्यापकांना सांगते. तुम्हाला कोणी काढत नाही.”

दाजींनी सुस्कारा सोडला. मग विचारलं, “माझं निभावलं. पण माझ्याआधी असा फुटका पाइप घेऊन कोण कोण आलं होतं गं तुझ्याकडे?”

मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत चालत जाईस्तोवर बाईंना सहा जण आठवले. सहाही जणांना त्यांनी सहीशिक्क्यानिशी खोटं पाडलं होतं.