रजा रद्द करायची आहे

"रजा रद्द करायची आहे," प्लास्टरवाला म्हणाला.

आस्थापना विभागातल्या बाईंनी मान वर केली. एवढ्या मोठ्या सरकारी इस्पितळात रजा मागणारे पायलीचे पन्नास. रजा परत करायला आलेला प्राणी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

बाईंना सगळे नन्नाबाई म्हणत. डॉक्टर असो की झाडूवाला, नियमात बसत नसेल तर बाईंचा नन्नाचा पाढा सुरू. एका सर्जनला लग्नाच्या रजेसाठी त्यांनी इतक्या खेपा घालायला लावल्या की तोवर मुलीनंच नकार कळवला, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे.

"कुठली रजा?"

"पितृत्वाची. पगारी." तो उभाच होता. हातांवर कोपरापर्यंत पांढरा लेप वाळला होता. रजेवरचा माणूस, पण सकाळीच येऊन पेशंटांचे दोन मोडके हात आणि एक पाय प्लास्टरमध्ये बांधून मोकळा झाला होता. "बाळ राहिलं नाही, मॅडम. परवा. पोटातच गेलं."

टेबलाखालून पायानंच बाईंनी समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

तो बसला नाही. "मुकादम म्हणाला, मूल नाही तर रजा कसली? पुढे तपासणीत निघालं तर पगार कापतील, वर खोटेपणाचा ठपका. मला फुकटचा पगार नको. नोकरीत नाव खराब व्हायला नको."

"मुकादमाला काय कळतंय! उचलली जीभ, लावली टाळ्याला," बाई म्हणाल्या. "नियम मी वाचलेत की त्यानं? तुमची नोकरी सलग आहे. अर्ज वेळेत दिलात. कितवा महिना होता?"

"नववा लागला होता."

"मग झालं. एवढे दिवस भरल्यावर मूल जिवंतच असलं पाहिजे, असं नियमात कुठेही नाही. राहिलं एकच. बाळाचे वडील तुम्हीच?"

हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारत. परवापासून प्लास्टरवाल्याच्या घरी माणसं येऊन जात होती. शेजारी म्हणाले, वाईट झालं. सासरे म्हणाले, धीर सोडू नका. बाप मात्र त्याला कोणी म्हणालं नव्हतं. तो मटकन खुर्चीत बसला.

"हो," तो म्हणाला. "मीच."

"मग तुम्ही पात्र आहात. रजा रद्द होणार नाही. जा घरी."

"पण घरी जाऊन करू काय?" तो अगदी रडकुंडीला आला. "मोडलेलं हाड समोर आलं तर मला कळतं काय करायचं. तिथे काही म्हणजे काही सुचत नाही. बायको भिंतीकडे तोंड करून पडून असते. ही रजा बाळाला सांभाळायची ना, मॅडम? मग सांभाळायला आहे कोण?"

"बाळाला आणि बाळंतिणीला. बाळंतीण आहे ना घरी?"

"आता ती कसली बाळंतीण?"

बाई भडकल्या. पण पलीकडच्या टेबलावर दोघे कान टवकारून बसले होते, म्हणून त्यांनी आवाज खाली आणला.

"अहो, बाळ गेलं हे तिच्या अंगाला कुठे ठाऊक आहे! दूध यायचं तेव्हा ते येणारच. छाती दगडासारखी होईल, ठणकेल. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"



"सकाळी निघालो तेव्हा तिचा गाऊन पुढून ओला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, रडून झालाय."