डाव्या कानाचं माप

"डावीकडचं सैल बसतंय," क्रांती म्हणाली.

दुकानदारानं त्या काळ्या इवल्याशा यंत्राचं रबरी टोपण उपटलं आणि त्याहून बारकं चढवलं. काउंटरवर बंदुकीच्या आवाजापासून कान वाचवायच्या तीन तऱ्हा मांडल्या होत्या. स्पंजच्या पिवळ्या गोळ्या, सिलिकॉनची बुचं, आणि डबीत चार्ज होणारी ही इलेक्ट्रॉनिक जोडी.

"माझ्या लेकीच्या कानात शिट्टी वाजत्या वो," शेजारी उभी असलेली शालन म्हणाली. कसब्या बावड्यातलं म्हशींचं सगळं आटपून ती लेकीसोबत आली होती. "रेंजवरनं आली की ताटावर बसून बी कान धरत्या. त्या स्पंजाचा काय उपेग न्हाय. चांगल्यातलं द्या."

"बंदूक कुठली, ताई?"

"पॉइंट टू टू पिस्तूल. बंद हॉल हाय, आवाज घुमतो," क्रांती म्हणाली.

तेवढ्यात शालनचा फोन वाजला. म्हशीचा डॉक्टर गोठ्यावर येऊन थांबला होता. "आलोच मी," म्हणत ती फुटपाथवर गेली.

दुकानदारानं क्रांतीला दोन्ही यंत्रं कानांत नीट बसवून घ्यायला लावली. "बार झाला की हे त्याच क्षणाला आवाज दाबतंय. पण बारीक बोलणं उलट मोठं करून सोडतंय. रेंजवरचा हुकूम चुकायला नको म्हणून. थांबा, दाखवतो."

तो पार मागच्या खोक्यांच्या आडोशाला गेला आणि कुजबुजला, "पावणं, च्या घेणार काय?"

क्रांती दचकलीच. कुणी कानाला तोंड लावून बोलावं तसं ऐकू आलं होतं.

हेच घ्यायचं, तिनं ठरवून टाकलं. शिट्टीपायी नव्हे. तिला क्लबात नेमबाजी शिकवणाऱ्या अमरसिंह सरांचं बोलणं ऐकायचं होतं.

पुण्याच्या नेमबाजी शिबिराची नावं क्लबातूनच जात. पहिल्या वर्षी तिचा फॉर्म वेळेत पोचला नाही. दुसऱ्या वर्षी कुठलासा कागद कमी पडला. दोन्ही वेळा सरांनी ते भिंतीकडे बघत सांगितलं, आणि दोन्ही वेळा पुण्याला गेली ती संयोगिता. क्लबच्या कमिटीतल्या विजयसिंहांची पोरगी. तिचे गुण क्रांतीच्या जवळपासही नसायचे. यंदाची यादी शनिवारी जाणार होती आणि क्रांतीचं ज्युनियर गटातलं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा नाव लागलं नाही, तर पिस्तूल क्लबच्या कपाटात ठेवायचं आणि म्हशींच्या मागं लागायचं.

सराव चालू असताना सर मागं उभे राहून कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत. स्पंजाच्या बोळ्यांतून तिला नुसती गुणगुण ऐकू यायची. वळलं की ती थांबायची. मागच्या बाकावर आई डबा घेऊन बसलेली असे. तिला विचारलं तर ती म्हणे, "उसाचं बोलत्यात गं. तू आपलं टार्गेट बघ."

पंधरा दिवसांपूर्वी तिनं सरांनाच विचारलं होतं, कुठली जोडी घेऊ म्हणून. सर म्हणाले, "स्पर्धेत असली यंत्रं चालत न्हाईत. सवय लावून घिऊ नगंस. स्पंजच बरा." आता तिला त्याचाही अर्थ लागत होता.

शालन पदरानं तोंड पुसत आत आली. "ह्यात काय म्हंजे काय ऐकू येत न्हाय न्हवं?"

"बार? छ्या! फुगा फुटल्यागत सुद्धा न्हाय," दुकानदार म्हणाला.

बारीक बोलणं मोठं ऐकू येतं, हे क्रांतीनं सांगितलं नाही. आईला खरं सांगितलं असतं, तर चोरून ऐकू नये म्हणून तिनं ऐकवलंच असतं.

"आण इकडं, मी घालतो." शालननं लेकीचं डोकं पोटाशी धरलं. लहानपणी कान टोचताना धरलं होतं, तसंच. केस मागं सारून तिनं एकेक यंत्र हळूच बसवलं, त्यावर फुंकर घातली. "दुखतंय व्हय गं?"

"न्हाय आई."

"पुण्याला गेलीस तर हे असं कोण बघणार?" शालन हसली.

हिच्यासाठी तरी नाव लागायला हवं, असं क्रांतीला वाटून गेलं.

शनिवारी तिनं केस कानांवरून सोडले, वर टोपी घातली आणि पाचव्या लेनवर उभी राहिली. सरांच्या काही लक्षात आलं नाही. पहिली गोळी दहाच्या रिंगणात गेली. दुसरीही दहात. बार लांबून टिचकी मारल्यासारखा वाटत होता. मध्येच तिला पंख्याची कुरकूर ऐकू आली, मग कुणाच्या तरी चपलांची घसट.

आणि मग अगदी कानाशी सरांचा आवाज.

"बघतासा न्हवं? अशी पोरगी मला ईस वर्सांत घावली न्हाय. आज यादी जात्या. आता तरी घालू द्या की तिचं नाव."

क्रांतीचं पिस्तूल हवेतच राहिलं. सर तिच्यासाठी रदबदली करत होते? कुणाकडे, विजयसिंहांकडे?

"तिच्या शिव्या मी खातोय," सर म्हणत होते. "खाऊ दे. पण तिच्याकडं बघून खोटं बोलायला आता माझी जीभ वळत न्हाय."

तिनं पिस्तूल खाली टेकवलं. वळायचं नाही, उत्तर ऐकायचं, असं तिनं स्वतःला बजावलं.

"हळू कशाला बोलतासा सर? तिला काय बी ऐकू येत न्हाय, मीच कानातलं घिऊन दिलंय तिला," मागच्या बाकावरून आई मायेनं म्हणाली. "पुण्याला गेली की माझी ऱ्हायची न्हाय ती. फॉर्म औंदा बी ठिवून घ्या."