थोडं डावीकडे

सकाळपासून टीव्हीवर मुंग्या होत्या आणि थोरला त्या मुंग्याच बघत बसला होता.

आवाज मुद्दाम मोठा केला होता. अंगणात धाकट्याचं सामान ट्रकमध्ये चढत होतं, ते कानावर पडू नये म्हणून. पण नुसत्या खरखरीच्या आडोशाला माणूस लपणार तरी किती? हमालांचं ‘धर, सोड, सांभाळ’ सगळं ऐकू येत होतं.

मुंग्यांचं कारण बायकोनं सकाळीच सांगितलं होतं. हमालांनी कपाट गच्चीवरून खाली सोडलं, आणि दोर बांधायला त्यांना नेमका अँटेनाचा पाइप सापडला. हिसका बसला, अँटेना फिरली, चित्र गेलं.

“आत्ताच वर जाऊन बघू का?” दुपारी बायकोनं विचारलं.

“आत्ता नको. तो अजून वरच आहे.”

“म्हणून तर म्हणते.”

थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून भाजी निवडत होती.

“तो गेल्यावर बघू,” तो म्हणाला.

खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा आणि गच्ची दोघांची. वडील गेल्यावर वाटणीची बोलणी झाली, तेव्हा थोरला एक वाक्य बोलून गेला होता. ‘या घराला तुझा हात कधी लागला?’ धाकट्यानं त्यावर उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. जिन्यात समोरासमोर आले, तर एकजण भिंतीकडे तोंड करायचा. ते वाक्य परत घ्यावं, असं थोरल्याला पुष्कळदा वाटलं. पण दरवेळी मोठेपणा आडवा यायचा. मोठेपणाला दुसरा काही उद्योग नसतो.

बाकी संसार ठीक चालला होता. कुरकुर असायची ती त्या अँटेनाची. वारा सुटला, की चित्र जायचं. कारखान्यात लेथवर उभं राहून राहून थोरल्याचे गुडघे कामातून गेलेले, तेव्हा जिना बायकोनं चढायचा आणि त्यानं खिडकीतून हाळी द्यायची. “थोडं डावीकडे. अजून. गेलं, गेलं, मागे घे. बस्, आलं.” खिडकीतून गच्ची दिसत नसे, पण टीव्ही दिसे, आणि तेवढं पुरे होतं.

एरवी शब्दाला शब्द देणारी बायको गच्चीवर मात्र मुकाट्यानं ऐकायची. डावीकडे म्हटलं की डावीकडे, तसूभर म्हटलं की तसूभर. आपलं इतकं निमूट कुणी ऐकतं ते एवढ्या एकाच कामात, असं तो मित्रांना सांगायचा. मित्र म्हणायचे, मग एक अँटेना स्वयंपाकघरातही बसव.

ऊन उतरायला लागलं तशी बायको पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत आली.

“भाऊजी निघाले. लेकीकडे चाललेत कायमचे, आता परत कशाला येतील? दोन पावलं दारात तरी या.”

“धाकटा तो आहे. यायचं तर त्यानं.”

“दोघं एकाच मातीचे,” ती म्हणाली आणि एकटीच बाहेर गेली.

थोरला पडद्याआड जाऊन उभा राहिला. धाकटा ट्रकपाशी होता. नळाचं काम करणारा माणूस, हत्यारांची पिशवी अजून खांद्यालाच. सगळं सामान चढलं होतं, तरी तो चढत नव्हता. त्यानं मान वर करून गच्चीकडे पाहिलं. मग या खिडकीकडे पाहिलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तरी तो तसाच उभा. कुणीतरी हाक मारायची वाट बघत असल्यासारखा.

थोरल्याच्या घशाशी शब्द आले. फार काही नाही, नुसतं ‘जपून जा’. त्यानं खिडकीच्या कडीवर हातही ठेवला. पुन्हा हॉर्न वाजला. धाकटा ट्रकमध्ये चढला.

ट्रकचा आवाज वळणापलीकडे विरला, तेव्हा घर एकदम मोठं वाटायला लागलं.

“आता जा वर,” त्यानं आत आलेल्या बायकोला सांगितलं.

“आज राहू द्या ना.”

“का? आता कुणाची अडचण आहे?”

ती स्वयंपाकघरात गेली, सांडशी घेतली आणि जिना चढून गेली. सांडशी कशाला, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तो खिडकीत उभा राहिला.

“थोडं डावीकडे.”

मुंग्या.

“अगं, डावीकडे म्हटलं मी.”

मुंग्याच. उजवीकडे सांगून झालं, मागे सांगून झालं. चित्र सोडाच, साधी एक रेघ हलली नाही. असं कधीच झालं नव्हतं. शेवटी त्यानं टीव्ही बंद केला आणि कठड्याला धरून, एकेका पायरीवर दम घेत, तो स्वतः निघाला.

वरच्या मजल्यावर धाकट्याचं दार होतं, दाराला कुलूप. तो थांबला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून कुलपाला हळूच म्हणाला, “जपून जा.” म्हणायला काहीच जड नव्हतं.

गच्चीवर बायको सांडशीत पाइप पकडून सगळ्या अंगानिशी रेटत होती. पाइप जागचा हलत नव्हता. तिचे तळवे गंजानं लाल झाले होते.

“फिरत नाही,” ती म्हणाली.

“फिरत नाही म्हणजे? इतकी वर्षं कसा फिरवलास मग?”

तिनं सांडशी कठड्यावर ठेवली. ट्रक गेला त्या रस्त्याकडे तिनं पाहिलं.

“मी जिन्यातच उभी असायचे,” ती म्हणाली. “तुम्ही खालून सांगायचात आणि भाऊजी फिरवायचे.”