धाकटीचं नाव

"सापडली राव! हॅना!" जुनी परदेशी कागदपत्रं टाइप करणाऱ्या माण गावातल्या ऑफिसात मैत्री आनंदाने ओरडली.

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत जंगल तोडून जमीनदार झालेल्या कॉइलची ही धाकटी मुलगी. त्याचे वंशज तिचं नाव तीन पिढ्या शोधत होते.

चूक राहू नये म्हणून इथे एकच पान दोघं वेगवेगळं टाइप करत. शेजारच्या सुजितनेही हॅनाच टाइप केलं होतं.

मैत्रीने हौसेने कॉइलच्या मृत्युपत्राचं स्कॅन केलेलं पान स्क्रीनवर पुन्हा उघडलं. मुलांची नावं सातच होती. हॅना होती ती आठवी ओळ कोरी.

"मिनल, तू कर बघू."

नुकत्याच शिफ्टला आलेल्या मिनलने भराभर सात नावं टाइप केली. मग कोऱ्या जागेवर डोळे बारीक केले.

"ही हॅनाच ना गं? शाई अजून ओलीय, पसरतेय बघ."