दून्याच्या खोकल्यासाठी समुद्र

“पंधरा दिवस. त्याहून एक दिवसही कमी नको, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय,” तियाना म्हणाली. तिने चिठ्ठी सासूबाईंच्या पुढ्यात, मटाराच्या टरफलांशेजारी ठेवली. “आणि सोबत आजी पाहिजे.”

दोब्रिलाआजींनी हात पुसले, चष्मा लावला आणि चिठ्ठी वाचली. मग परत एकदा वाचली.

“आजीचं तिथे काय काम? मी काय खोकल्याचं औषध आहे?”

“नेबोयशाला रजा मिळालीय एकच आठवडा. तो इकडे परत आला की तिथे मी एकटी, दोन पोरं आणि समोर समुद्र. रेल्या दोन वर्षांचा, पाणी दिसलं की धावत सुटतो. दून्या चारची, ती बरोबर उलट्या दिशेला. मी कुणामागे पळू?”

समुद्रापासून लांबच्या या क्रालेवो गावात डॉक्टरांनी पोराला समुद्र सांगितला की कुणी वाद घालत नाही. लोक घराचं रंगकाम पुढच्या वर्षावर ढकलतील, पण पोराची छाती ग्रीसच्या किनाऱ्यावर नेऊन आणतील. आठच दिवस गेलात तर नुसतं ऊन लागतं, गुण येतो तो पंधरा दिवसांनी, ही तर इथली पक्की समजूत. दून्या हिवाळाभर खोकली होती. सार्ती या तिथल्या किनाऱ्यावरच्या गावातल्या खोलीच्या मालकिणीला शुक्रवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं आणि आज शुक्रवार होता. आजी नाही म्हणाल्या तर सगळाच बेत रद्द, एवढं तियानाने सरळ सांगून टाकलं.

“मला नाही जमायचं,” आजी म्हणाल्या. “टोमॅटोंना पाणी कोण घालेल?”

“शेजारच्या मिलेंकाताई. विचारून ठेवलंय मी.”

“दहा तास गाडीत बसायचं. तुम्ही काचा उघड्या टाकता. वारं या खिडकीतून शिरतं, त्या खिडकीतून निघतं, आणि मान धरते ती माझी.”

“काचा बंद!” नेबोयशा दारातून म्हणाला. तो नुकताच कामावरून आला होता. “आणि तू पुढे बस, आई. तियाना बसेल मागे पोरांबरोबर.”

“खोली कितव्या मजल्यावर आहे?”

“दुसऱ्या.”

“आणि माझे गुडघे?”

तियानाने तिथल्या तिथे मालकिणीला फोन लावला. तळमजल्यावरची खोली मिळाली, अंगणातून तीस पावलांवर वाळू. आजींनी नाक मुरडलं. वाळू घरभर होईल, तिकडचं खाणं पोरांना सोसणार नाही, ओले कपडे अंगावर ठेवले तर दून्याचा खोकला घालवण्याऐवजी दुप्पट करून आणाल, असं त्यांचं एकेक सुरूच राहिलं.

“शेगडी आहे खोलीत,” नेबोयशा म्हणाला. “तू पीठ घे, भाजल्या मिरचीची चटणी घे, वाटलंच तर फ्रीज टपावर बांधतो.”

“चावटपणा पुरे!”

नवरा गेल्यापासून सहा वर्षांत आजी बाजारापलीकडे गेल्या नव्हत्या. कुणी कुठे चला म्हटलं की ‘तुम्ही जा, मी घर सांभाळते’ हे उत्तर ठरलेलं. ते इतकं ठरलेलं झालं की पुढे पुढे विचारणंच थांबलं. घर मात्र नको तितकं सांभाळलं जात होतं.

दून्या टेबलाखालून बाहेर आली. तिच्या मुठीत मटार होते.

“आजी, तुला पोहता येतं?”

“मला? मला पाण्यात पाय बुडवायला तरी कुठे सवड मिळाली!”

“मी शिकवीन. आधी मोठ्याने ओरडायचं, मग आत जायचं.”

आजी हसू दाबत राहिल्या, पण ते सुटलंच. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि तियानाला परत दिली.

“ठीक आहे. पोरीच्या छातीसाठी येते. माझ्या मौजेसाठी नाही, हे लक्षात ठेवा दोघं.”

“ठेवतो, आई,” तियाना म्हणाली आणि घाईघाईने मालकिणीला फोन करायला बाहेर गेली.

सोमवारी सकाळी आजी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर ल्यूबिशांनी नेबोयशाला लहानपणी गोवराच्या पुरळासकट पाहिलेलं, त्यामुळे बाहेर फार ताटकळावं लागलं नाही. आजींनी दार लावून घेतलं आणि पिशवीतून कॉफीचा पुडा काढून टेबलावर ठेवला.

“हे कशासाठी?”

“तुम्हाला माहीत आहे कशासाठी.” आजींचा आवाज खाली आला. “गेल्या बुधवारी लाज सोडून तुमच्याकडे आले, दून्याला समुद्र सांगा आणि आजीला सोबत न्या असं लिहा म्हणून सांगितलं. तुम्ही ‘बघतो’ म्हणालात, मला वाटलं टाळताय. आणि शुक्रवारी चिठ्ठी घरात! दून्याचा खोकला मार्चमध्येच गेला हे तुम्हालाही ठाऊक, मलाही. मुलाला-सुनेला मात्र अगदी खरं वाटलं.”

“मग अशा रुसल्यासारख्या का दिसताय?”

“रुसले नाही. वाईट वाटतंय.” त्यांनी रुमाल काढला. “सत्तर वर्षांची झाले, समुद्र पाहिला नाही. एकदा बघावा असं फार वाटत होतं. पण तरुण माणसांना कोणत्या तोंडाने म्हणू, मलाही न्या? आता न्यायला निघालेत ते डॉक्टरांच्या हुकुमाने. मनातून थोडंच नेतायत. म्हातारीचं लोढणं कुणाला हवं असतं?”

डॉक्टरांनी पुडा उचलला आणि पुन्हा त्यांच्या पिशवीत ठेवला.

“हा मला घेता येणार नाही, दोब्रिलाताई. तुम्ही बुधवारी आलात तेव्हा ती चिठ्ठी तुमच्या सुनेच्या पर्समध्ये होती; मंगळवारी येऊन तिनेच लिहून घेतली, म्हणाली, ‘सरळ विचारलं तर आई नाहीच म्हणतील, दून्याच्या खोकल्याचं नाव सांगितलं तरच येतील.’”